सपाट चमचा

मावशींनी डब्यातला चमचा बाळाच्या दुधाच्या पावडरीने भरला, सुरीची पाठ त्यावरून ओढली आणि वर आलेली पावडर परत डब्यात पडू दिली. "हे असं, ताई. शीग ठेवायची नाही आणि दाबूनही भरायचा नाही." दुसरा चमचा, तिसरा, चौथा. बाटलीत १२० मिलिलिटर पाणी आधीच मोजून घेतलेलं होतं. झाकण लावून त्यांनी बाटली दोन्ही तळव्यांत धरून घुसळली, नळाच्या धारेखाली फिरवत निववली, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब पाडून पाहिले आणि म्हणाल्या, "आता पुढची तुम्ही करा. ती उठेलच एवढ्यात."

ती म्हणजे माझी मुलगी. तिला मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं. २०१८चा नोव्हेंबर होता, ती चार महिन्यांची होती आणि मी मराठवाड्यातल्या एका दत्तकसंस्थेच्या स्वयंपाकघरात वही-पेन घेऊन उभी होते. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकविधानाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत नाव घालून आम्हाला दोन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी फोटो आला. होकार कळवायला ४८ तास होते, आम्हाला दहा मिनिटं पुरली. त्यानंतर पाळणा आला, दुपटी आली, झबली-टोपरी आली, सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या. तिला काय पाजायचं आणि ते कसं करायचं, याचा विचार मात्र त्या ओट्यापाशी उभी राहीपर्यंत मी नीट केलाच नव्हता.

मावशींच्या हाताखाली तेव्हा अठरा बाळं होती. ओट्याच्या वर भिंतीला एक तक्ता होता. प्रत्येक बाळाचं वजन, एका वेळचं दूध, शेवटची बाटली किती वाजता दिली, त्यातलं किती उरलं. माझ्या मुलीच्या रांगेत ४ किलो ७०० ग्रॅम लिहिलं होतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर, म्हणून तिला दिवसभरात सातशेच्या आसपास, म्हणजे १२०च्या सहा बाटल्या. "पण भूक तिची, बाटली आपली," मावशी म्हणाल्या. "तोंड फिरवलं की थांबायचं. तक्ता आपल्यासाठी असतो." आणि मग, माझी वही बघून असेल कदाचित, त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं. "इथं अंदाज चालत नाही, ताई. एकाला अंदाजानं दिलं की अठरांना अंदाजानं जातं."

आमच्या घरी बाळ एकच येणार होतं. पण ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

मराठीत या दुधाला ‘वरचं दूध’ म्हणतात. अंगावरचं ते खरं, आणि कमी पडलं तर हे वरचं. वरखर्च, वरकमाई, तसं. नाशिकला परत आल्यावर बाळाला बघायला येणाऱ्या बायकांच्या तोंडी हा शब्द सारखा येई. "वरचंच देतेस ना?" असं विचारताना त्यांच्या मनात वाईट काही नसे, पण आवाज खाली गेलेला असे. माझ्या मुलीला दुसरं कुठलंही दूध नव्हतं. तिच्यापुरतं तेच मूळ होतं, तेच सगळं. आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की दत्तक आईलाही औषधं आणि पंपाच्या मदतीने थोडंफार दूध येऊ शकतं, प्रयत्न करायचा का? मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. दोन वर्षं वाट पाहिलेलं बाळ आता माझ्या मांडीवर होतं, मला तिच्याकडे बघायचं होतं, घड्याळाकडे आणि पंपाकडे नाही. हा माझा निर्णय. दुसरीने वेगळा घेतला तर तोही योग्यच.

तरी रात्री तीन वाजता ओट्यापाशी उभं राहून डबा उघडताना त्यावरची ओळ वाचली जायचीच. आईचं दूध हेच तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम. कायद्याने ती छापावीच लागते. पहिले काही दिवस ती मला सुईसारखी टोचायची. मग एका रात्री लक्षात आलं की या डब्यावर बाळाचं चित्रच नाही. बाळाच्या साबणावर बाळ, तेलावर बाळ, दुपट्यांच्या पिशवीवर गुटगुटीत बाळ, आणि जे केवळ बाळासाठीच आहे त्या डब्यावर मात्र नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याचं कारण शोधत बसले.

१९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भर सभेत सांगितलं होतं की आयांना डब्यातल्या दुधाकडे वळवणाऱ्या जाहिरातींमुळे मुलं मरताहेत. तेव्हा साखर घातलेलं आटीव दूध बाळांना पाजलं जायचं. सत्तरच्या दशकात तेच पुन्हा घडत होतं. गरीब देशांतल्या प्रसूतिगृहांत फुकट डबे वाटायचे, डबा संपेपर्यंत आईचा पान्हा आटलेला असायचा, आणि पुढचा डबा घ्यायला पैसे नाहीत, उकळायला इंधन नाही, पाणी गढूळ. १९७७ साली एका मोठ्या कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला, १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विक्रीचे नियम घालून दिले आणि १९९२ साली आपल्याकडे कायदा झाला. जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, दुकानदाराला किंवा डॉक्टरला भेटवस्तू नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र नाही. या दुधाचे डबे आणि बाटल्या कोणाला दानही करता येत नाहीत. त्याला एक अपवाद आहे, अनाथालयांचा.

तो अपवाद वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. कायदा लिहिणाऱ्यांनी माझ्या मुलीसारख्या मुलांसाठी एक दार उघडं ठेवलं होतं. डब्यावरची ओळ त्यानंतरही वाचली जायची, पण ती माझ्यासाठी नाही हे मला कळलं होतं. जिला पान्हा आहे आणि जिला कोणीतरी "तुझं दूध पुरत नाही" असं सांगून घाबरवलंय, तिच्यासाठी ती ओळ आहे. ती तिथे असायलाच हवी.

औषधाच्या दुकानात गेलं की काउंटरच्या मागे सात-आठ प्रकारचे डबे असतात. कुठल्यावर मेंदूच्या वाढीचं काही लिहिलेलं, कुठल्यावर पोटातल्या चांगल्या जंतूंचं, आणि किमतीत दुपटीचा फरक. संस्थेतून निघताना मावशींनी बजावलं होतं, तिला जे चालू आहे तेच ठेवा, घर नवीन, माणसं नवीन, दूध तरी ओळखीचं असू द्या. मी तेच ठेवलं. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बाळाच्या दुधात काय किती असावं हे सरकारी नियमांनी ठरवून दिलेलं आहे, त्यामुळे साध्या डब्यात जे लागतं ते सगळं असतं. महाग डब्यातल्या त्या जास्तीच्या घटकाने मूल हुशार होतं असं कुठेही ठामपणे सिद्ध झालेलं नाही. बघायचं ते वेगळंच. वयाचा आकडा बघा: सहा महिन्यांपर्यंत एक नंबरचा, त्यापुढे दोन. मुदत बघा, सील बघा, डबा चेपलेला नाही ना बघा. सोयाचं किंवा लॅक्टोज नसलेलं दूध, बाळ रडतं म्हणून आपल्या मनाने आणू नका. आणि चहाची दूध पावडर म्हणजे बाळाचं दूध नव्हे. हे शेवटचं सांगायची काय गरज, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, गरज पडते.

डिसेंबरात नणंद न्यू जर्सीहून आली, तिने प्रेमाने तिकडचा एक मोठा डबा आणला. मी तो ठेवून दिला, पण त्यातला चमचा हातात घेऊन पाहिला आणि दचकले. आपल्याकडच्या डब्यावर ३० मिलिलिटर पाण्याला एक चमचा. तिच्या डब्यावर दोन औंसांना, म्हणजे जवळजवळ ६० मिलिलिटरला एक, आणि चमचा त्या हिशेबाने मोठा. आपला चमचा हरवला म्हणून कोणी तो या डब्यात टाकला असता तर दूध दुप्पट घट्ट झालं असतं. त्या दिवसापासून आमच्याकडे रिकाम्या डब्याबरोबर त्याचा चमचाही घराबाहेर जाऊ लागला.

पाण्याची गोष्ट याहून मोठी आहे.

डब्यावर लिहिलं होतं, पाणी उकळा, कोमट होऊ द्या, मग पावडर घाला. मावशी मात्र वाफ निघणाऱ्या पाण्यात पावडर घालायच्या आणि नंतर बाटली निववायच्या. दोन्ही बरोबर कसं असेल? डॉक्टरबाईंनी माझी वही बंद करायला लावली आणि समजावून सांगितलं. सीलबंद डब्यातलीही पावडर निर्जंतुक नसते, तशी ती करताच येत नाही. क्रोनोबॅक्टर नावाचा एक जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो. ग्रीक पुराणात आपलीच जन्मलेली मुलं गिळणारा क्रोनोस आहे ना, त्याच्यावरून हे नाव. त्याची लागण फार क्वचित होते, पण झाली तर तान्ह्याच्या रक्तात आणि मेंदूच्या आवरणात पोचते. दोन महिन्यांच्या आतली, दिवसांआधी जन्मलेली, कमी वजनाची बाळं सगळ्यांत धोक्यात. कोमट पाण्याने तो मरत नाही, उलट वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २००७ साली सांगून ठेवलंय की पावडर कालवताना पाणी ७० अंशांच्या खाली नसावं. पाण्याने पावडरीतले जंतू मारायचे असतात, फक्त ती विरघळवायची नसते. "कोमट लिहितात कारण आईचा हात भाजू नये, बाळाचं तोंड भाजू नये. आणि काही डब्यांत पोटाला चांगले असे जिवंत जंतू घातलेले असतात, ते गरम पाण्याने मरतात," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी आता चार महिन्यांची आहे, तब्येतीने चांगली आहे. पण जन्मली तेव्हा दोन किलोची होती. मी तुमच्या जागी असते तर मावशींचं ऐकलं असतं."

सत्तर अंश म्हणजे किती, हे हाताला कळत नाही. पुस्तकी सल्ला असा की किमान एक लिटर पाणी किटलीत उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. माझ्याकडे स्टीलचं अर्ध्या लिटरचं पातेलं होतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर आणून मी त्यात बुडवला, तर अर्धा तास व्हायच्या कितीतरी आधी पारा सत्तरच्या खाली उतरला होता. उघडं, पातळ बुडाचं भांडं, थोडं पाणी, थंडीचे दिवस. मग मी लिटरभर उकळून झाकण ठेवायला लागले आणि रात्रीसाठी एक चांगला थर्मास घेतला. त्यातलं पाणी चार तासांनंतरही सत्तरच्या वर राहतं, हे थर्मामीटर घालूनच पाहिलं. चार चमचे पावडर कोरड्या, उकळलेल्या छोट्या डबीत आधीच मोजून ठेवायची. बाळ उठलं की पाणी रेघेपर्यंत, डबी उलटी करायची, घुसळायचं, गार पाण्याच्या भांड्यात धरायचं, मनगटावर थेंब. सगळं मिळून पाच मिनिटं. ती पाच मिनिटं ती रडायची आणि मी तिच्याशी बोलत राहायचे. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं दूध बाहेरून कोमट आणि मध्ये कुठेतरी उकळतं असतं, म्हणून ती वाट मी धरली नाही.

फिल्टरचं पाणीही उकळायचं, विकतच्या बाटलीतलंही. आणि बोअरचं पाणी बाळाच्या दुधाला नकोच. आमच्या सोसायटीत टँकर नसला की बोअर सुरू होई, तेव्हा मी शेजारच्या बिल्डिंगमधून नळाचं पाणी भरून आणायचे. आपल्याकडे बऱ्याच भागांत भूजलात नायट्रेट जास्त आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते अधिकच दाट होतं. तान्ह्याच्या रक्ताला मग प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, बाळ निळसर पडतं.

उरलेलं दूध फेकायचं, हे आमच्या घरात सगळ्यांत जड गेलं. बाळाची लाळ बाटलीत गेली की जंतूंना घर मिळतं, म्हणून उष्टी बाटली पुन्हा द्यायची नाही. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं. सासूबाईंना ते बघवायचं नाही. दूध मोरीत ओतायचं? त्या उरलेलं दूध वाटीत घेऊन गॅलरीत जायच्या आणि मोगऱ्याच्या कुंडीत घालायच्या. त्या वर्षी मोगऱ्याला खूप मुंग्या झाल्या.

सासूबाईंबद्दल मला नीट लिहायला हवं.

जानेवारीत मुलीला शी होईना. व्हायची तेव्हा शेळीच्या लेंड्यांसारखी, आणि ती लाल होऊन कुंथायची. लघवी कमी, रंग गडद. घरात गाईच्या दुधाचा विषय निघाला. "आमची सगळी त्याच्यावरच वाढली," असं सासूबाईंच्या बहिणीने फोनवर सांगितलं. डॉक्टरबाईंनी तो विषय एका वाक्यात मिटवला: आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिनं साधारण एक ग्रॅम, गाईच्या दुधात तीनच्या वर, म्हशीच्या त्याहून जास्त. तान्ह्याच्या मूत्रपिंडांना तो भार पेलत नाही, शिवाय गाईच्या दुधात लोह नगण्य. वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून ते नको. घुटी नको, मध तर अजिबात चाटवायचा नाही. मग त्यांनी विचारलं, "दुपारच्या बाटल्या कोण करतं?"

मी नुकतीच अर्ध्या दिवसाची नोकरी पुन्हा सुरू केली होती. दुपारच्या दोन बाटल्या सासूबाई करायच्या. घरी आल्यावर मी त्यांना बाटली करताना पाहिलं. चार चमचे, पण प्रत्येक शिगोशीग भरलेला. आणि शेवटी एक चिमूट वर, देवाला नैवेद्य वाढताना घालतात तशी.

"आई, हे जास्त होतंय," मी म्हटलं. त्यांना आधी ते पटलं नाही. जरा घट्ट दिलं तर बाळसं धरेल, त्यात वाईट काय? मी सुरी घेतली आणि त्यांनी भरलेला चमचा सपाट केला. बशीत पडलेली पावडर आम्ही चारही चमच्यांची जमवली. तिचा जवळजवळ एक चमचा भरला. चार चमच्यांच्या दुधात पाच. पाणी तेवढंच. सगळा क्षार, सगळी प्रथिनं सव्वापट, आणि ते बाहेर टाकायला बाळाच्या अंगातलंच पाणी खर्च होणार. सासूबाई त्या बशीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्या वेळी मी पातळ करायचे गं."

माझ्या नवऱ्याच्या वेळी, १९८०-८१ साली, त्यांना दूध फारसं आलंच नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, शतावरी झाली. घरात सगळे बोलायचे, त्यांच्या सासूबाई जास्तच. डब्याचं दूध सुरू केलं, पण डबा सहज मिळायचा नाही, दुकानदाराशी ओळख लागायची. सासरे महिन्यातून एकदा दोन डबे आणायचे आणि ते महिनाभर पुरवायचे. आणंदच्या सहकारी डेअरीत हरिचंद दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली, मैसूरच्या अन्नतंत्र संस्थेने त्याच दुधापासून बाळांचं दूध तयार करायची रीत बसवली, आणि म्हणून तो डबा भारतात बनू लागला होता. नाशिकच्या एका चाळीत तो पोचेपर्यंत मात्र असा पुरवून वापरावा लागे. चारच्या जागी तीन चमचे, कधी अडीच. "सहा महिन्यांचा झाला तरी मान धरायला उशीर लागला. सगळे म्हणायचे, वरच्या दुधावरचं पोर असंच. का ते मला माहीत होतं. कोणाला सांगितलं नाही."

अडतीस वर्षांनी नात घरी आली तेव्हा त्या तिच्या बाटलीत तो उरलेला दीड चमचा भरून काढत होत्या. त्यांना काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी सुरी त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून त्यांनी इतक्या काटेकोरपणे बाटल्या केल्या की पुढे मी चुकले तर त्या मला दाखवायच्या. डब्याच्या झाकणावर उघडल्याची तारीख त्याच लिहायच्या, पेनाने, कारण महिन्याच्या वर उघडा डबा वापरायचा नाही. बाटल्या आणि बुचं घासून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायची, तीही घड्याळ लावून. चार दिवसांत मुलीचं पोट नीट झालं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंनी हे सगळं पाहिलं होतं. फेब्रुवारीत एकदा पोळ्या लाटता लाटता त्यांनी विचारलं, "ताई, चार चमचे कंपल्सरी असतात का? दोन घातले तर?" त्यांच्या लेकीला तीन महिन्यांची मुलगी होती. द्राक्षांचा हंगाम सुरू झालेला, लेक पॅकिंगच्या शेडवर जाऊ लागली होती, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बाळ काकूंच्या शेजारणीकडे. डब्याला तेव्हा साडेतीनशेच्या आसपास लागायचे आणि नीट मोजून दिलं तर तो चार दिवसांत संपतो, हे मला आता पाठ होतं. महिन्याला सात-आठ डबे. काकूंचा सगळ्या घरांचा पगार त्याच्या दुपटीएवढाही नसेल. म्हणून दोन चमचे. बाळ भुकेलं राहायचं, सारखं प्यायचं, सारखी शू करायचं आणि वजन हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. पातळ दुधाने पोट पाण्याने भरतं, रक्तातलं मीठ कमी होतं, बाळाला आकडी येऊ शकते, हे मी तिथे ऐकलं. पण डॉक्टरबाईंनी डबा लिहून दिला नाही. त्यांनी लेकीला विचारलं, तुला दूध आहे का? ती पोर मान खाली घालून म्हणाली की आहे. दुपारी छाती दाटून येते, दुखते, मग शेडच्या मागे जाऊन पिळून टाकते.

माझ्या घरात पावडर योग्य होती, कारण दुसरं काही नव्हतंच. तिच्या घरात तीच पावडर चुकीची होती, कितीही सपाट चमच्याने मोजली असती तरी. मला डब्यावरची ती ओळ आठवली.

पुढचे अडीच महिने ते बाळ काकूंबरोबर आमच्याकडे यायचं. लेक पहाटे एकदा पाजून आणि कामावर निघायच्या आधी हाताने दूध काढून स्टीलच्या दोन वाट्यांत झाकून द्यायची. ते साध्या हवेत चार तास राहतं आणि फ्रिजमध्ये दिवसभर. आमच्या फ्रिजचा मधला कप्पा त्या वाट्यांचा झाला. दुपारच्या सुट्टीत मुकादमाला सांगून ती स्वच्छ डब्यात दूध काढायची, तो डबा संध्याकाळपर्यंत शेडवरच्या बर्फाच्या पेटीत राहायचा आणि घरी जाताना ती तो दुसऱ्या सकाळसाठी आमच्या फ्रिजमध्ये ठेवून जायची. बाटली घेतलीच नाही, वाटी आणि छोटा चमचा. सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं, नवऱ्याला ज्याने पाजलं होतं तेच, उकळलं आणि काकूंच्या हातात दिलं. एका मांडीवर माझी मुलगी बाटलीने पितेय आणि समोर काकू बोंडल्याने नातीला पाजताहेत, अशा किती दुपारी गेल्या. महिन्याभरात त्या बाळाने जवळजवळ किलोभर वजन घेतलं. आजही मला वाटतं, ज्या शेडवरून परदेशी जाणारी द्राक्षं मण्यामण्याने मोजून भरली जातात, तिथे आईला दूध काढायला एक आडोसा आणि वीस मिनिटं मिळायला इतकी विनवणी करावी लागू नये.

माझी मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर वरण-भाताची पेज, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं सुरू झालं आणि बाटल्या कमी होत गेल्या. वर्षाची झाली तशी ती पेल्याने गाईचं दूध पिऊ लागली. शेवटच्या डब्यात बोटभर पावडर उरली होती. डबा गेला, पण एवढा एक चमचा मी ठेवून घेतला, तिच्या कागदपत्रांच्या पेटीत, कोर्टाच्या आदेशाच्या आणि त्या पहिल्या फोटोच्या शेजारी.

ती आता सात वर्षांची आहे. ती कुठून आली हे तिला पहिल्यापासून माहीत आहे, त्या पेटीतल्या वस्तू ती अधूनमधून काढून मांडते. गेल्या रविवारी चमचा हातात घेऊन तिने विचारलं, "मी तुझं दूध प्यायले नाही ना?"

"नाही."

"मग आजीचं?"

"आजीने केलेलं. आणि मी केलेलं."

"कसं करायचं ते?"

जुनी बाटली माळ्यावर होती. पावडर नव्हती, म्हणून पिठीसाखर घेतली. सासूबाईंनी सुरी आणून दिली आणि खुर्ची ओढून बसल्या. मुलीने पाणी ओतलं, बाटली डोळ्यांसमोर उंच धरली आणि म्हणाली, झालं १२०. सासूबाईंनी मान हलवली.

"हातात धरून बघायचं नाही. ओट्यावर ठेव. आता खाली वाक. अजून. डोळा रेघेच्या समोर येऊ दे."